सहा भागिले अर्धा

“असा पाठ या शाळेत आजवर झाला नसेल, गुरुजी,” हर्षद घाग म्हणाला. पण त्याला खरं बोलण्याची वाईट खोड होती, म्हणून त्याने लगेच पुढे जोडलं, “म्हणजे हाच पाठ, याच वर्गावर, याच महिन्यात माझ्याआधी चौघांनी घेतलाय. पण त्यांच्या वेळी मुलांना इतकं तोंडपाठ नव्हतं.”

परकार गुरुजी शिक्षकखोलीच्या खिडकीत बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

“चुकलं कोण?” त्यांनी विचारलं.

“सुमेधा भुवड.”

“वेळेवर चुकली?”

“अगदी वेळेवर. मी ‘कोण सांगेल?’ म्हटलं आणि ती उठली. चुकली, मी समजावलं, ती ‘हो सर’ म्हणाली, बसली. अर्धं मिनिटही गेलं नसेल.”

“वा.” गुरुजींनी एक टपोरी शेंग निवडून हर्षदच्या हातावर ठेवली. “घे. बक्षीस.”

हर्षदने फोडली. आत दाणा नव्हता.

गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले, जणू त्यांनी शेंग दिलीच नव्हती.

बाहेरच्या माणसाला हे बोलणं वेड्यांचं वाटेल. तसं नव्हतं. शहाण्यांचं होतं, आणि शहाण्यांचं ऐकणं जरा जास्तच अवघड असतं.

ही शाळा आणि शेजारचं अध्यापक महाविद्यालय यांच्यामध्ये एकच भिंत. तिकडे शिक्षक तयार व्हायचे, इकडे मुलांवर त्यांचा सराव चालायचा. दिवाळी झाली की होतकरू मास्तरांची लाट भिंतीवरून यायची. प्रत्येकाच्या काखेत गुंडाळलेला तक्ता, खिशात रंगीत खडू आणि पोटात गोळा. सातवीच्या वर्गाने अपूर्णांकांचा भागाकार इतक्या जणांकडून ऐकला होता, की मास्तर “तर मुलांनो, आज आपण...” इतकं म्हणाला की मागचा बाक पुढचं वाक्य पुरं करायचा. परीक्षेच्या दिवशी मात्र पोरं गप्प बसत. तेवढी माणुसकी होती त्यांच्यात.

आता, परीक्षकांच्या गुणपत्रकात एक रकाना असतो: विद्यार्थ्यांच्या चुका कशा दुरुस्त केल्या. म्हणजे गुण हवे तर कोणीतरी चुकायला हवं. हे काम कच्च्या पोराला देऊन चालत नाही. ते कुठेही चुकेल. घाबरून बरोबर उत्तरही देऊन बसेल. त्यासाठी हुशारच पोर लागतं.

सुमेधा भुवड वर्गात पहिली यायची. त्यामुळे पाचवीपासून चुकण्याचं काम तिच्याकडे. नवा मास्तर दिसला की ती त्याला व्हरांड्यात गाठायची.

“सर, तुम्हाला कुठली चूक पाहिजे? चिन्हाची, हातच्याची का समजुतीची?”

समजुतीच्या चुकीला दोन लिमलेटच्या गोळ्या पडत. हर्षदने समजुतीचीच घेतली होती. एम्.एस्सी. झालेला, गणितात विद्यापीठात तिसरा आलेला माणूस. हातच्याच्या चुकीत कशाला अडकेल?

उद्या त्याचा शेवटचा पाठ होता, बाहेरच्या परीक्षकांपुढचा. तो पास झाला तर जूनपासून त्याच्याच तालुक्यातल्या हायस्कुलात सहावी ते आठवीचं गणित त्याचं. नापास झाला तर ती जागा दुसऱ्याची. पण निकालापर्यंत थांबतो कोण? त्याच्या वडिलांनी वाडीत सांगूनही टाकलं होतं. लोक त्यांना आत्ताच ‘मास्तरांचे बाबा’ म्हणत होते, आणि अशी पदवी एकदा मिळाली की परत घेणारं कार्यालय कुठे असतं?

मात्र त्या पाठाला उभं राहायचं तर मार्गदर्शकाची सही हवी. मार्गदर्शक म्हणजे परकार गुरुजी.

गुरुजी याच शाळेतून निवृत्त झाले, पण गेले मात्र नाहीत. त्यांच्याबद्दल बरंच बोललं जाई. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी ‘अंगठे धर’ म्हटलं आणि साहेबांनी धरले, ही गोष्ट तर सगळा गाव सांगायचा. साहेब लहानपणी गुरुजींच्याच वर्गात होते हा भाग गाव गाळून सांगायचा. त्याने मजा कमी होते.

“सही करता ना, गुरुजी?” हर्षदने पाठाच्या टाचणाची वही पुढे केली.

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

“एक अडचण आहे.”

“काय?”

“मला कळलं नाही.”

“काय कळलं नाही?”

“तू शिकवलंस ते.”

हर्षद हसला. गुरुजी नाही हसले. ते उठले, सातवीच्या रिकाम्या वर्गात गेले आणि पहिल्या बाकावर बसले. बसले म्हणजे घुसले. गुडघे फळीला अडले, पोट दप्तराच्या कप्प्यावर आलं.

“शिकव,” ते म्हणाले. “मी सातवी ब.”

शाळा सुटली होती. शिपाई झाडत होता. हर्षदने खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: सहा भागिले एक छेद दोन.

“किती?”

“तीन,” गुरुजी म्हणाले.

“बारा, गुरुजी.”

“भागलं की कमी होतं. बारा कसे होतील? भागाकार आहे का जादूचा खेळ?”

“दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं.”

“का उलटा करायचा?”

“नियम आहे.”

“असं होय...” गुरुजी धडपडत उठले, वळले आणि भिंतीकडे तोंड करून परत बाकात घुसले. “झालो उलटा. आता गुण.”

“गुरुजी...”

“नियम आहे ना? गुण मला.”

झाडणारा शिपाई दारात थांबला. हर्षदचे कान गरम झाले. पण तो विद्यापीठात तिसरा होता. त्याने फळा पुसला आणि मुळापासून सिद्ध केलं. गुणाकार व्यस्त, एकक, सगळं. शेवटी खाली दोन रेघा मारल्या. सुंदर सिद्धता होती. शिपायालासुद्धा आवडली.

गुरुजींनी भिंतीकडे बघतच विचारलं, “झालं?”

“झालं.”

“नाही कळलं.”

मग हर्षद भाकरीवर आला. प्रत्येक मास्तर शेवटी भाकरीवरच येतो. “सहा भाकऱ्या घ्या, गुरुजी. प्रत्येकाला अर्धी द्या. किती जण जेवतील?”

“कोणी नाही.”

“का?”

“आमच्याकडे मासळी नसेल तर कोणी जेवत नाही.”

शिपाई खो खो हसला आणि झाडू घेऊन निघून गेला. गुरुजींची पाठसुद्धा हलत होती.

हर्षदने खडू आपटला. खडूचे तुकडे झाले.

“तुम्ही मुद्दाम करताय, गुरुजी!”

“हो.”

“तुम्हाला सगळं कळतंय!”

“हो तर.”

“मग मुद्दाम समजत नाही असं का दाखवताय?”

गुरुजी आता वळले. बाकातून वळायला त्यांना वेळ लागला. तोवर हसणं ओसरून गेलं होतं.

“मी मुद्दाम समजत नाही,” ते म्हणाले. “ती पोरं मुद्दाम समजतात. त्यांचं तुला चालतं.”

हर्षद फळ्याकडे बघत उभा राहिला. दोन रेघा मारलेली सिद्धता तिथे तशीच होती. तिच्यात चूक काहीच नव्हती.

मग त्याने विचारलं, “पण गुरुजी... तुम्ही तीनच का म्हणालात? पाच का नाही?”

गुरुजींनी हात पुढे केला, वही मागून घेतली आणि सही केली. मग म्हणाले, “आता मला ओढ. अडकलोय.”

हे मात्र मुद्दाम नव्हतं.

सकाळी हर्षदने व्हरांड्यात सुमेधाला गाठलं. तिनेच हात पुढे केला. त्याने गोळ्या दिल्या.

“सुमेधा, आज चुकायचं नाही.”

तिने गोळ्यांकडे पाहिलं. “मग ह्या कशाला?”

“आज जे वाटेल ते सांगायचं.”

“जे वाटेल ते?”

“हो.”

“परीक्षा तुमची आहे ना, सर?”

“माझीच.”

“मग बघा हं. नंतर बोंब मारायची नाही.”

परीक्षक सबनीस मॅडम बरोबर घंटेला आल्या. त्यांच्या मनगटाला एक घड्याळ होतं आणि समोर टेबलावर दुसरं. पहिल्याने दगा दिला तर! शेवटच्या बाकाशी, पोरांच्या शेजारी, परकार गुरुजी बसले. आज त्यांनी खुर्ची घेतली होती.

पाठ सुरू झाला. ‘तर मुलांनो, आज आपण...’ म्हणताना हर्षदला मागच्या बाकावरचे ओठ हलताना दिसले. आवाज मात्र आला नाही. फळ्याच्या मधोमध त्याचा तक्ता टांगला होता. त्यावर नियम तीन रंगांत, कडेने वेलबुट्टी. सबनीस मॅडमनी मान डोलावली. त्यांना वेलबुट्टी आवडायची.

“सहा भागिले एक छेद दोन,” हर्षद म्हणाला. “कोण सांगेल?”

“बाराऽऽ!” वर्ग म्हणाला. आरतीसारखा, एका सुरात.

सुमेधाचा हात वर होता.

“बोल, सुमेधा.”

“तीन.”

वर्गाने सुस्कारा सोडला. झाली चूक, आता सर समजावतील, आता ही ‘हो सर’ म्हणेल, मग गृहपाठ. पण हर्षद गोंधळला. तो वाकून हळूच म्हणाला, “अगं, आज चुकायचं नाही म्हणून ठरलंय ना?”

सुमेधाला हळू बोलण्याची सवय नव्हती.

“मी चुकत नाहीये, सर. मला तीनच वाटतात. पहिल्यापासून तीनच वाटतात. बारा मी तुम्हा लोकांचं समाधान म्हणून म्हणते.”

सबनीस मॅडमची मान डोलायची थांबली.

हर्षदने मागे पाहिलं. गुरुजी डोळे मिटून बसले होते. झोपले असावेत, किंवा तसं दाखवत असावेत. या माणसाचा भरवसा नव्हता.

टाचणात यापुढे लिहिलं होतं: ‘शिक्षक नियम पुन्हा सांगतील.’ हर्षदने टाचणाची वही मिटली. मग विचारलं, “तीनच का वाटतात?”

“अर्ध्याने भागायचं म्हणजे निम्मे करायचे ना? सहाचे निम्मे तीन.” तिने वर्गाकडे पाहिलं. “तुम्हाला नाही वाटत? खरं सांगा रे.”

मागच्या बाकावरचा एक हात वर आला. मग दुसरा. मग बरेच आले. कुणी अर्धेच वर केले होते, म्हणजे नंतर नाकारता येतील.

गंमत अशी की हर्षद घागला भीती वाटली नाही. महाविद्यालयातल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यापुढे एक खराखुरा प्रश्न उभा होता, आणि प्रश्न दिसला की या माणसाला भूक लागायची. तिसरा काय उगाच आला होता तो?

“हा फळा किती लांब आहे?” त्याने विचारलं.

“सहा फूट!” वर्ग ओरडला. हे त्यांना खरंच माहीत होतं. ‘मापन’ या घटकाच्या पाठांना आलेल्या प्रत्येक मास्तराने तोच फळा मोजला होता.

“म्हणजे ही पट्टी किती वेळा बसते?” त्याने टेबलावरची लाकडी फूटपट्टी उचलली.

“सहा वेळा.”

हर्षदने पट्टी गुडघ्यावर धरली आणि बरोबर मधोमध मोडली.

काडकन आवाज झाला. सबनीस मॅडमच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. शाळेच्या फूटपट्टीने आजवर पोरं मोजली होती, पोरांचे तळहात मोजले होते. तिलाच कोणी मोडलेलं पाहिलं नव्हतं.

एक तुकडा त्याने सुमेधाकडे दिला. “मोज.”

“पण सर, तक्ता मध्ये येतोय.”

“काढ.”

तिने तक्ता काढला आणि जमिनीवर टाकला. डावीकडून सुरुवात केली. खडूने खूण, मग पुढे, मग खूण. वर्ग मोजू लागला, पण आरतीसारखं नाही. एक जण पुढे, एक मागे.

“...पाच... सहा.”

सुमेधा थांबली. ती फळ्याच्या मधोमध उभी होती. तिने उजवीकडे पाहिलं.

“सहा झाले,” ती म्हणाली. “आणि फळा अजून निम्मा आहे.”

हर्षदला फार बोलावंसं वाटत होतं. त्याने खडू दातात धरला.

ती पुढे गेली. फळ्याच्या टोकाला पोचली, तेव्हा कोणी आकडा म्हटला नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने मोडक्या पट्टीकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं.

“पट्टी लहान केली... म्हणून जास्त वेळा बसली,” ती स्वतःशी म्हणाली. मग हर्षदवर उसळली. “हे तुम्ही लोक आधी का नाही सांगत?”

“सांगतो तर खरं.”

“छे. तुम्ही उलटा करा म्हणता.”

“बरं. मग तुझे तीन कुठे गेले?”

सुमेधाने हातातला तुकडा उलटसुलट करून पाहिला. पण मागच्या बाकावरून आवाज आला. हा बाक आजवर फक्त मास्तरांची वाक्यं पुरी करायचा.

“सर, तीन दोन फुटाच्या पट्टीचे! दोन फुटाची पट्टी घेतली तर तीनदाच बसेल.”

“म्हणजे ती दोनाने भागत होती!” दुसरा ओरडला.

“मी कशाला दोनाने भागीन? अर्धा म्हणजे अर्धा!”

“अगं, निम्मं करणं म्हणजे दोनाने भागणं, वेडे!”

“वेडी कोणाला म्हणतोस? तू तर बारा म्हणालास आणि हात वर केलास तीनला!”

“सर, पाव पट्टी घेतली तर?”

“चोवीस!”

“आणि पट्टी फळ्याहून मोठी असली तर?”

“मग बसणारच नाही.”

“बसेल, थोडीशी बसेल!”

“थोडीशी म्हणजे किती?”

कोणी बाकावर उभं राहिलं, कोणी पट्टीचा दुसरा तुकडा पळवला. वेलबुट्टीच्या तक्त्यावर चपलेचा ठसा उमटला. हर्षदचा आवाज कधी वर येई, कधी बुडे. ‘थोडीशी म्हणजे किती’ यावर दोन गट पडले आणि दोन्ही चुकीचे होते. तो एका गटाकडे धावला, तोवर दुसऱ्याने उत्तर बदललं.

तेवढ्यात घंटा झाली.

संकलन राहिलं. मूल्यमापन राहिलं. गृहपाठ राहिला. मुलं बाहेर पडली ती भांडतच. व्हरांड्यातून सुमेधाचा आवाज येत होता आणि तो ‘हो सर’ म्हणत नव्हता.

शिक्षकखोलीत सबनीस मॅडमनी दोन्ही घड्याळं पाहिली, मग कागद पुढे ओढला. हर्षद समोर उभा. गुरुजी खिडकीत, त्यांच्या जुन्या जागी.

“बसा, घाग,” मॅडम म्हणाल्या. हर्षद बसला नाही. त्याच्या शर्टाच्या बाहीवर खडू होता, केसांत खडू होता, आणि बहुधा थोडा पोटातही गेला होता.

“विषयाचं ज्ञान चांगलं आहे. मुलांचा सहभाग...” मॅडम योग्य शब्द शोधत थांबल्या. “भरपूर आहे. पास करतेय मी तुम्हाला.”

हर्षदने श्वास सोडला. खाडीपलीकडच्या वाडीत एक माणूस अजूनही मास्तरांचा बाबाच होता.

“पण शैक्षणिक साधनाची मोडतोड, ही मी नोंदवणार. आणि वेळेच्या नियोजनात शून्य.”

“चालेल, मॅडम,” हर्षद म्हणाला.

“चालेल?” मॅडमनी मान वर केली. “शून्याला कोणी चालेल म्हणतं का?”

“आज चालेल.”

मॅडमनी त्याचा नाद सोडला आणि खिडकीकडे वळल्या.

“परकार गुरुजी, तुम्हीच सांगा. इतकी वर्षं मी या शाळेत पाठ बघायला येतेय. इथला पाठ कधी अपूर्ण राहत नाही. घंटा आणि गृहपाठ एका क्षणी पडतात, बाकीच्या कॉलेजांना मी तुमचं उदाहरण देते. आणि आज हे! पाठ पूर्ण झाला नाही तर मला इथे कारण लिहावं लागतं.” त्यांनी रकान्यावर पेन टेकवलं. “काय लिहू?”

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला.

“लिहा की, बाई,” ते म्हणाले. “आज वर्गात मुलं होती.”